वेप शोधताय? आधी गम चघळायला शिका

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझं मेडिकल आहे. गिऱ्हाईक निम्मं लूमवरचं, निम्मं विडी वळणाऱ्या घरांतलं, आणि हल्ली कॉलेजची पोरं. आवाज खाली करून मागायच्या वस्तूंत गेल्या काही वर्षांत एकीची भर पडली आहे. "अण्णा, वेप, ई-सिगारेट ओ, मिळंल का? सिगारेट सोडायची हाय." विचारणारी पोरंच असतात असं नाही. पन्नाशी ओलांडलेले, लूमची देखरेख करणारे एक जॉबरमामाही विचारून गेले. त्यांच्या पुण्याच्या जावयाने सांगितलं होतं की धूर नाही, राख नाही, वास नाही आणि सिगारेट आपोआप सुटते.

मी सगळ्यांना एकच सांगतो. वेप माझ्याकडे नाही आणि असणारही नाही. पण वेपमधलं जे तुमच्या उपयोगाचं आहे, ते, म्हणजे निकोटिन (तंबाखूची सवय लावणारं द्रव्य), माझ्या मागच्या फळीवर गमच्या रूपात आहे आणि कायद्यात बसून आहे. ते वापरायची एक रीत आहे, ती मात्र कोणी समजावून सांगत नाही. लोक गम घेऊन जातात, चिंगमसारखा कचाकचा चावतात, घशाला तिखट लागतं, उचकी सुरू होते आणि पाकीट कपाटात पडतं. वर "त्यानं काय होत नाय ओ" असा निकालही देऊन मोकळे होतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

यंत्राचं आधी मिटवू

वेप म्हणजे बॅटरी, तापणारी एक तार आणि तिच्याभोवती भिजलेलं द्रव. त्या द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. ओढलं की तार तापते, द्रवाची वाफ होते. काही जळत नाही, त्यामुळे सिगारेटमधलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात जवळजवळ नसतं. जावईबापूंचं एवढं बोलणं खरं आहे.

पण आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, तिची जाहिरात करणं, साठा ठेवणं, सगळ्यावर बंदी आहे. निकोटिन नसलेली वेप, ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता नुसती तापवणारी यंत्रंही त्यात आली. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी शिक्षा वेगळी. म्हणजे जो कोणी तुम्हाला गुपचूप वेप आणून देतो, तो बिल देणार नाही, त्यात काय भरलंय ते सांगणार नाही आणि त्रास झाला तर ओळखही दाखवणार नाही.

"पण इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच देतात की," असं पोरं मला ऐकवतात. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडणाऱ्याला वेपकडे वळायला सांगते, हे बरोबर. २०१९ मध्ये तिथल्याच एका मोठ्या चाचणीत वेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट वर्षभरानंतर सुटलेली होती. निकोटिनचा गम, अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी वगैरे दिलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के. मी वेपच्या बाजूचा आकडा लपवत नाही. पण त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: वेपने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षभरानंतरही वेप ओढतच होते. गम-पट्टीने सुटलेल्यांत मात्र ती औषधं अजून वापरणारे फक्त ९ टक्के उरले होते. शिवाय तिथे वेपच्या द्रवात निकोटिन किती असावं याला मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालाला मर्यादा कोण घालणार? अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं बिघडून ६८ माणसं गेली. तिथे मुख्य दोष निघाला तो गांजाच्या अर्काच्या वेपमध्ये मिसळलेल्या एका तेलकट पदार्थाचा, आणि असला माल बहुतेक अनोळखी माणसांकडून घेतलेला होता.

तर यंत्र सोडा. त्यातलं काम करणारं तत्त्व एकच, धुराशिवाय निकोटिन. तेवढं घ्या.

कुठला गम, किती

सकाळी उठल्यापासून किती वेळाने पहिली सिगारेट किंवा विडी पेटते, हा मी पहिला प्रश्न विचारतो. दिवसाला किती ओढता हे लोक खरं सांगत नाहीत. पहिली कधी हे मात्र पटकन सांगतात. अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय खोल आहे आणि ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. अर्ध्या तासानंतर असेल तर २ चालतो. २ चा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी आणा. उठल्या उठल्या संडासला जाताना विडी लागणाऱ्या माणसाने २ चा गम घेऊन बसणं म्हणजे स्वतःची फसवणूक. औषध कमी पडतं आणि नाव मात्र गमचं खराब होतं.

आता चघळायची रीत. गम तोंडात टाका आणि अगदी सावकाश चावा, दहा-पंधरा वेळा. मिरीसारखी झणझण जिभेला जाणवली की चावणं थांबवा. गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ढकलून ठेवा, तंबाखूचा बार ठेवतात तसाच. (हे सांगितलं की मावा खाणाऱ्यांचे डोळे चमकतात. ही एक कला त्यांना आधीपासून येते.) मिनिटभराने झणझण विरते. मग पुन्हा थोडं चावा, पुन्हा झणझण, आता दुसऱ्या गालात ठेवा. असं साधारण अर्धा तास. त्यानंतर त्यात काही उरत नाही, कागदात गुंडाळून टाकून द्या.

कारण असं आहे की या गममधलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात उतरतं, तिथून यकृतात जाऊन बरंचसं वाया जातं आणि तुमच्या वाट्याला फक्त उचकी, जळजळ नि मळमळ येते. कोणी उचकीची तक्रार घेऊन आला की मी गम बदलत नाही, समोर उभं करून एक चघळायला लावतो. बहुतेकांचं तिथल्या तिथे ध्यानात येतं.

दुसरं, सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं पोचायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणून तलफ आल्यावर गम शोधू नका, येण्याआधी घ्या. पहिले सहा आठवडे एक ते दोन तासांनी एक, घड्याळ बघून. दिवसात २४ च्या वर कधीच नाही, आणि तितके कोणाला लागतही नाहीत.

तिसरी गोष्ट सोलापुरात सगळ्यात जास्त नडते, ती चहाची. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सोडा, लिंबू सरबत, काही नाही. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे तर हाफ चहा आणि सिगारेट ही जोडीच. लोक सिगारेटच्या जागी गम धरतात आणि वर चहा पितात, म्हणजे गम फुकट. चहाला जायच्या आधी अर्धा तास गम सुरू करा, संपवून टाका, चूळ भरा, मग चहा प्या. तोवर निकोटिन अंगात भिनलेलं असतं आणि चहाबरोबरची ओढ निम्मी होते.

लूमवरच्यांना आणखी एक सांगतो. शेडमध्ये सुताचा फुफाटा असतो, विडी पेटवायची सोय नसते, म्हणून विडीसाठी बाहेर यावं लागतं. खडखडाटातून ती पाच-सात मिनिटं सुटका, दोन शब्द बोलणं, पाठ सरळ करणं. विडी सोडली म्हणून तेही सोडलं की माणूस चिडचिडा होतो आणि खापर फुटतं गमवर. बाहेर जरूर या. फक्त टपरीकडे न वळता दुसऱ्या बाजूला उभे राहा. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते, ती उभ्या उभ्या ओसरते.

गम खिशात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत त्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि घरात लहान मूल असेल तर पाकीट उंचावर. दिसायला ती पेपरमिंटची गोळी आणि आत निकोटिन, लेकरासाठी विषच.

चहा निम्म्यावर आणा, औषधं डॉक्टरांना दाखवा

हे मला फार कमी ठिकाणी लिहिलेलं दिसतं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर मोडत असतं. धूर थांबला की आठवडाभरात यकृताचा तो वेग उतरतो. मग तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साठतं. छाती धडधडते, झोप उडते, हात थरथरतात, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यानेच आपण आजारी पडलो. सोडल्या दिवसापासून चहा निम्मा करा, एवढाच त्यावर उपाय.

कॅफिनसारखंच काही औषधांचं होतं. दम्यासाठी थिओफायलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल, तर सिगारेट बंद केल्यावर त्याच गोळीचा जोर वाढतो. मधुमेहाला इन्सुलिन घेणाऱ्यांचीही साखर बदलू शकते. अशांनी सोडायची तारीख डॉक्टरांना आधीच सांगायची. घाबरून सोडणं पुढे ढकलू नका, डोस तेवढा बदलून घ्या. हा सगळा परिणाम धूर थांबल्याचा आहे, गमचा नाही. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बाईने मात्र गमसुद्धा विचारूनच घ्यायचा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, हे धरूनच चाला. चिडचिड, डोकं जड, झोप तुटक, भूक वाढलेली. दोन ते चार आठवड्यांत हे निवतं. आणखी एक लक्षण लाजेपोटी कोणी बोलत नाही, पोट साफ होत नाही. निकोटिनने आतडं हलायची सवय लागलेली असते. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, आणि ज्वारीची कडक भाकरी आहेच आपल्याकडे. शेंगाची चटणी मात्र भाकरीबरोबर खा, येता-जाता बोटाने चाटत बसू नका. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं सरासरीत बसतं. त्यासाठी पुन्हा सिगारेट पेटवण्याइतकं ते वाईट नाही.

पट्टी आणि गोळी

पट्टी दिवसभर हळूहळू निकोटिन सोडते, गम अडीअडचणीची तलफ मारतो. दोन्ही मिळून घेतले तर एकट्यापेक्षा फायदा जास्त, हे आता पक्कं झालं आहे. पट्टी बहुतेक वेळा मागवून द्यावी लागते, तेव्हा दोन दिवस आधी सांगा. आपल्याकडचा त्रास घामाचा. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, तेल नको, पावडर नको, केस नसलेली दंडाची किंवा पाठीची जागा घ्या, लावल्यावर तळहाताने दाबून धरा. रोज नवी पट्टी, रोज नवी जागा. कात्रीने अर्धी करायची नाही. रात्री भलतीच स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडून फेका, त्यातही निकोटिन शिल्लक असतं.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांचा विषय. व्हॅरेनिक्लिन सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळतं. गम-पट्टीने जमलं नाही तर सिव्हिलला ओपीडीत जाऊन "तंबाखू सोडायचीय, समुपदेशन आणि औषध पाहिजे" असं स्पष्ट म्हणा. खोकला दाखवायला गेलात तर खोकल्याचंच औषध मिळेल.

विडीवाल्यांसाठी वेगळं

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पत्ता (तेंदूचं पान), आणि बोलता बोलता बोटं चालू. आमच्या शाळेच्या फिया तिच्यातून भरल्या, तेव्हा विडीला नावं ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही. पण ओढणाऱ्याशी मी स्पष्ट बोलतो, कारण पूर्व भागात एक समज घट्ट बसलाय: विडी छोटी, कागद नाही, पानात गुंडाळलेली, म्हणजे सिगारेटपेक्षा बरी. विडीत तंबाखू सिगारेटच्या जेमतेम चौथाई असते, हे खरं. पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी सारखी विझू बघते, म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. शेवटी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत सिगारेटइतकंच किंवा त्याहून जास्त जातं. म्हणून "मी फक्त विडी ओढतो, हलका गम द्या" म्हणणाऱ्याला मी पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारतो, सकाळची पहिली कधी?

घरात विड्या वळल्या जात असतील तर सोडणं दुप्पट अवघड. हात लांब केला की माल. अशा घरात नवऱ्याने नुसता निर्धार करून भागत नाही. सूप, तंबाखू आणि बांधलेली बंडलं एका खोलीत, दार लोटून. आणि "मागितली तरी देऊ नको" हे बायकोला आधीच, शुद्धीवर असताना सांगून ठेवायचं. एका अक्कांनी मला सांगितलं की त्या नवऱ्याने मागितली की त्याच्या हातात सूप देतात आणि पाच वळून दाखवा म्हणतात. पाच होईपर्यंत लाट गेलेली असते.

पैशाचंही बोलू. सिगारेट ओढणाऱ्याला गम परवडतो, साधारण सिगारेटच्याच हिशेबात बसतो. विडी ओढणाऱ्याला तो महाग वाटतो आणि आहेच. त्यांना मी सांगतो, महिन्याचा साठा घेऊ नका, एक पाकीट घ्या, रीत जमते का बघा. आणि खिसा अगदीच रिकामा असेल तर १८००-११-२३५६ हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे. २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर भयानक फोटोखाली हाच छापलेला असतो. लोक फोटो बघून तोंड फिरवतात आणि नंबर वाचायचा राहतो. पलीकडे समुपदेशक असतो, तो तारीख ठरवायला लावतो आणि पुढे स्वतःहून फोन करून चौकशी करतो.

एक पळवाट मी ओळखून आहे. सिगारेट सोडली म्हणून मावा सुरू, किंवा घरातल्या बाईची मिश्री. धूर गेला, तंबाखू तोंडात आली, आणि तोंडाचा कॅन्सर त्याच रस्त्याने येतो. हर्बल सिगारेटही नको. तुळस जाळली काय आणि तंबाखू जाळली काय, धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर येणारच.

घसरलात तर, आणि गम कधी सोडायचा

लग्नात, गड्ड्याच्या यात्रेत मित्रांच्या घोळक्यात, किंवा कोणाला स्मशानात पोचवून आल्यावर एखादी ओढली जाते. त्या दिवशी गम बंद करायचा नाही. लोक नेमकं तेच करतात: "आता मोडलंच" म्हणत गम ठेवून देतात आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पाकिटावर येतात. ओढली तर ओढली, पुढचा गम ठरल्या वेळेला. टपरीवरून सुटी सिगारेट घ्यायची सवय असेल तर तीच वाट आधी बंद करा. राज्यात सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीला २०२० मध्येच बंदी आली आहे, पण टपरीवर ती कोण पाळतो हे तुम्हाला माहीत आहे.

सहा आठवड्यांनंतर गममधलं अंतर वाढवा, दोन ते चार तासांनी एक. दहाव्या आठवड्यापासून पुढे चार ते आठ तासांनी. बाराव्या आठवड्याच्या आसपास थांबता येतं. शेवटी बहुतेकांचा एकच गम अडून बसतो, जेवणानंतरचा किंवा रात्रपाळीतला. त्याच्या जागी बडीशेप, लवंग, काहीही धरा. काही जणांना तीन महिन्यांनंतरही तो एक लागतो आणि ते काउंटरवर ओशाळून मागतात. ओशाळायचं कारण नाही. मी चिठ्ठी बघतो, नाहीतर २ चा देतो, आणि पुढच्या वेळी एक दिवसाआड घेऊन बघा म्हणतो.